काळ्या तेलामागे चार दिवस

आमच्या आळीतले एक गृहस्थ यंदा काश्मीरला जाऊन आले. परतल्यावर त्यांनी वाचनालयात तासभर भाषण केले. सरोवर, शिकारे, केशराची शेते, सगळे झाले. टाळ्याही पडल्या. नंतर चहा घेताना कोणीतरी मला विचारले, "दामले, तुम्ही कुठे जाऊन आलात यंदा?" मी म्हणालो, "मोहन्याला." सगळे हसले.

हसू द्या. मोहने कल्याणच्या पलीकडे चार मैलांवर आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण मी तेथे वाळूच्या ट्रकमधून, ड्रायव्हरच्या शेजारी बसून गेलो. चार दिवसांत एकशे ऐंशी मैल झाले. हसणाऱ्यांपैकी एकानेही मुंब्र्याचे रेतीबंदर जवळून पाहिलेले नाही. म्हणून लिहितो. प्रवास लांबचा असला तरच तो लिहावा असा नियम असेल, तर मी तो मानत नाही.

जाण्याचे कारण आधी सांगितले पाहिजे. ठाण्यात मालवाहतुकीच्या एका पेढीवर मी सामानाच्या कोठीचा कारकून आहे. टायर, ट्यूब, नटबोल्ट आणि इंजिनात घालायचे तेल माझ्या ताब्यात असते. पेढीच्या सहा गाड्यांपैकी दोन नव्या डिझेलच्या. इंजिनातले तेल वापराने काळे पडते, पातळ होते, आणि वेळेवर बदलले नाही तर आतले भाग एकमेकांना खातात. म्हणून दर हजार मैलांना तेल बदलायचे, असा नियम मी स्वतः इंजिनाच्या इंग्रजी पुस्तकातून उतरवून नोंदवहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिला होता. गेली दोन वर्षे तो एकदाही मोडला नाही. मला त्याचा अभिमान होता.

आता झाले असे की वाळूच्या डिझेल गाडीचे तेल बदलून तीनशे मैल होतात न होतात तोच मालकांच्या जावयांनी सहज इंजिनातले तेल मोजायची पट्टी बाहेर काढून पाहिली. तेल डांबरासारखे काळे. दुसरी डिझेल गाडी नाशिककडे माल नेते. तिचे तेल नऊशे मैलांनाही एवढे काळे होत नाही. जावईसाहेब पेढीची व्यवस्था पाहतात. त्यांनी दोन मिनिटांत निकाल लावला.

"दामले, ड्रायव्हरने नवं तेल बाहेर विकलं आणि जुनंच परत घातलं. दुसरं काही असूच शकत नाही. रिपोर्ट लिहा, सही करा, शनिवारी त्याला कायमची रजा देऊ."

ड्रायव्हर सावळाराम म्हात्रे मुंब्र्याच्या बाजूचा आगरी. चाळिशीचा, अंगाने दणकट, बोलायला तिखट. पेढीवर नऊ वर्षे. घरी बायको, चार मुले आणि आंधळा बाप. चोरीचा शेरा घेऊन बाहेर पडलेल्या ड्रायव्हरला ठाणे-कल्याणात दुसरी गाडी मिळत नाही, हे जावईसाहेबांनाही माहीत होते.

मी म्हणालो, "मी पाहिलेलं नाही त्यावर मी सही करत नाही."

"मग जाऊन पाहा," ते म्हणाले. थट्टेने म्हणाले. मी रजेचा अर्ज त्यांच्या पुढ्यातच लिहिला. मंगळवार ते शुक्रवार.

घरी सांगितले तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, "अहो, वाळूच्या गाडीत बसायला धुतलेलं धोतर देऊ की फाटकं?"

पहिला दिवस: खोपट ते रेतीबंदर

निघण्याआधी मी सोमवारी तीन गोष्टी केल्या होत्या. जुने तेल सोडून, माझ्यासमोर नवा डबा फोडून नवे तेल घातले. इंजिनाच्या तळाशी तेल सोडायचा जो बोल्ट असतो, त्याला तार ओवून शिशाचे सील ठोकले. वरच्या झाकणालाही तसेच ठोकले. आणि कोठीतला एक मोठा पांढरा टीपकागद घडी करून खिशात ठेवला. रोज संध्याकाळी पट्टीवरचा एक थेंब त्यावर टिपायचा आणि शेजारी वार, मैल आणि वेळ लिहायची, असा बेत होता.

सावळारामने ते सील पाहिले आणि तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "गारीला बेडी घातलाव काय अण्णा? मग माझ्या हातानपण घाला. दोघं बरोबर जाऊ."

सकाळी सात वाजता पेढीच्या खोपटच्या आवारात सहा माणसांनी गाडी ढकलली, तेव्हा ती सुरू झाली. मी विचारले, सेल्फ का लावत नाहीस? तो म्हणाला, "लावतो की. दिवाळीला." मी ती गंमत समजलो आणि वहीत काही लिहिले नाही. ही माझी पहिली चूक.

कळव्याचा पूल ओलांडला की ठाणे मागे पडते. उजवीकडे डोंगर, डावीकडे खाडी. कडेला मिठागरांचे चौकोन, त्यांत पांढऱ्या राशी. साडेसातला आम्ही रेतीबंदरावर होतो. तेथे आमच्या पुढे नऊ गाड्या रांगेत उभ्या.

रेतीबंदर म्हणजे बंदर नव्हे, खाडीचा चिखलाचा काठ. खाडीच्या मध्यावर पडाव, म्हणजे रुंद मालवाहू होड्या, उभे असतात. त्यांवरची माणसे लांब वासा धरून पाण्यात बुडी मारतात, तळातली वाळू बादलीत भरून वर येतात आणि पुन्हा बुडी मारतात. पडाव भरला तरी तो लगेच काठाला येऊ शकत नाही. त्याला भरती लागते. भरतीच्या पाण्यावर पडाव काठाला लागतात, बायका पाट्यांनी वाळू उतरवून सरळ ट्रकमध्ये टाकतात, आणि पाणी ओसरायच्या आत सगळे उरकावे लागते.

त्या दिवशी भरतीचे पाणी अकराच्या सुमारास आले. आम्ही साडेसात ते साडेअकरा उभे होतो. चार तास. एवढा वेळ इंजिन चालूच होते. दहापैकी दहा गाड्यांची इंजिने चालू होती. बंदरावर शेजारच्या माणसाशी बोलायला ओरडावे लागत होते.

मी ओरडलो, "उशिरा का नाही येत?"

"नंबर जातो! मागं लागला तं भरती सुटली! मग उद्या!"

"मग इंजिन बंद का करत नाहीस?"

त्याने ऐकले नाही, किंवा न ऐकल्यासारखे केले.

जेवण तेथेच झाले. माझ्या डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी. त्याच्याकडे तांदळाची भाकरी, लसणाची लाल चटणी आणि भाजलेला सुका बोंबील. मी डबा घेऊन वाऱ्याच्या उलट बाजूला सरकलो. त्याने ते पाहिले.

"अण्णा, भाजी गार झाली काय वासानं?"

मला राग आला. मी म्हणालो, "भाकरी दे एक, चटणी लावून. बोंबील नको." ती भाकरी मऊ, पातळ आणि थाळीएवढी होती. तसली भाकरी आमच्या घरात होत नाही. आमच्याकडे भाकरी म्हणजे ज्वारीची, आणि ती करताना कोणाला आनंद होत असेल असे वाटत नाही. मी दुसरीही मागून घेतली.

शीळफाट्यावरून डावीकडे वळले की कल्याणचा रस्ता लागतो. मातीचा, दोन्ही बाजूंना कापणी झालेली भातशेते, मधून मधून ताडाची झाडे. भरलेली गाडी ताशी पंधरा मैलांवर जात नाही. कल्याण ओलांडून मोहन्याला पोचायला दीड वाजला. तेथे एक कंत्राटदार कामगारांसाठी चाळी बांधत होता, त्याला ही वाळू हवी होती. वाळू उतरवून, माप घेऊन, चहा पिऊन निघेपर्यंत चार. या सगळ्या वेळातही इंजिन चालूच. ठाण्यात सहाला पोचलो.

टीपकागदावरचा पहिला डाग तांबूस, पातळ काढ्यासारखा पडला. शेजारी लिहिले: मंगळवार, अठ्ठेचाळीस मैल, सात ते सहा.

दुसरा दिवस: माझी चप्पल

भरतीची वेळ रोज पाऊण तासाच्या वर पुढे सरकते. त्यामुळे बुधवारी आणखी थांबावे लागणार, हे उघड होते. इंजिनाची घरघर डोक्यात जाऊ लागली. मी सावळारामला म्हणालो, "बंद कर ते. डिझेल फुकट जातंय."

"नाय."

"मी सांगतो म्हणून बंद कर."

"लिवून द्या."

मी खरोखरच लिहून दिले. 'माझ्या सांगण्यावरून इंजिन बंद केले', खाली सही, वेळ नऊ वाजून दहा मिनिटे. त्याने कागद वाचला, घडी केली, समोर खिडकीच्या वर देवाची तसबीर होती तिच्या मागे खोचला आणि इंजिन बंद केले. मग डोक्यावर टॉवेल टाकून तो झोपला. एखादा माणूस इतक्या समाधानाने झोपतो तेव्हा आपण सावध व्हायला हवे. मी झालो नाही.

पावणेबाराच्या सुमारास पडाव आले. आमचा नंबर पाचवा. चार गाड्या पुढे सरकल्या. सावळाराम उठला, सेल्फ दाबला. इंजिनातून बकरी खोकावी तसा एक आवाज आला. पुन्हा दाबला. टक. मग तेही नाही.

मागच्या गाडीवाल्याने भोंगा धरला तो सोडीना. "ए म्हात्रे! गारी हाय का देवळी? फुलं वाहू का?"

"भटाला इचार!" सावळारामने माझ्याकडे बोट केले. "त्यांनी पूजा केली सकाळी!"

ढकलायला माणसे मिळत होती, पण उतार नव्हता. ओल्या वाळूत चाके रुतली. मीही उतरलो. माझे धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरले, आणि तिसऱ्या धक्क्याला डावी चप्पल खाडीच्या चिखलात गेली ती गेलीच. वाळू वाहणाऱ्या बायका पाट्या खाली ठेवून हसत होत्या. त्यांतली एक वयस्क बाई म्हणाली, "भटजीबुवा, चप्पल वाट बघंल भरतीची, तुमी ढकला!" शेवटी त्या बायकाच पदर खोचून मागे लागल्या. चौदा माणसांनी, वीस पावलांवर जरा कडक जमीन होती तिथपर्यंत गाडी नेली, तेव्हा ती फुरफुरली. तोवर आमचा नंबर गेला होता. शेवटचा पडाव आमच्या वाट्याला आला. दोन-अडीच तास इंजिन बंद होते, आणि तेवढ्यासाठी अख्खा दिवस घसरला.

रांगेतल्या गाडीवाल्यांपैकी कोणीही दिवसभर इंजिन का बंद करत नाही, ते मला आता एका चपलेच्या किमतीत कळले होते. बॅटरी मेलेली असेल तर सकाळी एकदा सुरू झालेले इंजिन संध्याकाळपर्यंत जपायचे. बंदरावर तीच पद्धत. जुन्या गाडीवाल्यांनी ती पाडली आणि नवी बॅटरी असलेलेही तीच पाळतात, कारण सगळे पाळतात.

मोहन्याला वाळू उतरेपर्यंत संध्याकाळ झाली. ठाणे गाठणे शक्य नव्हते. परतताना मानपाड्याजवळ सावळारामने एका उतारावर गाडी लावली. तोंड उताराच्या बाजूला, चाकाखाली दगड. सकाळी दगड काढला की गाडी आपोआप सुरू. हा उतार त्याला पाठ होता. जवळच त्याची सासुरवाडी होती. मी थेंब टिपला. डाग कॉफीच्या रंगाचा. बुधवार, बत्तीस मैल, इंजिन दहा तास. मग एक पाय अनवाणी, असा मी डोंबिवलीला माझ्या थोरल्या बहिणीकडे चालत गेलो.

अक्काने दार उघडले, मला वरून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाली, "दत्तू, तुला कोणी मारलं?"

तिसरा दिवस: डोंबिवली, अक्काची विहीर

डोंबिवलीत अजून घरे मोजकी आहेत. स्टेशनापासून पाच मिनिटांवर भातशेती सुरू होते. पाणी विहिरीचे. ठाण्यात नळाला पाणी आले नाही की आम्ही नगरपालिकेला शिव्या देतो. अक्का म्हणते, विहिरीला शिवी देता येत नाही, हाच काय तो त्रास.

सकाळी सहाला ती विहिरीवर भांडी घासत होती आणि मी दात घासत उभा होतो. भाताच्या पातेल्यावर तिने राखेचा हात फिरवला आणि ते दोन घासण्यांत लख्ख केले. मग पाण्याचा तांब्याचा हंडा घेतला. त्याच्या बुडाला बोटभर काजळी. नारळाच्या शेंडीने घासून घासून तिचा हात भरून आला.

मी म्हणालो, "भात रोज दोनदा शिजतो. हंडा तर नुसता कडेच्या चुलीवर बसलेला असतो. तरी तो जास्त काळा कसा?"

"म्हणूनच," अक्का म्हणाली. "भाताची चूल फडफडून पेटते, काम झालं की विझवते. ही कडेची दिवसभर धुमसत ठेवते, भुसा घालून. पुन्हा कोण फुंकत बसणार? काड्याही ओल्या असतात. धुमसती चूल तापवत काही नाही, नुसती काळं करते."

मी तोंडात पाणी घेऊन तसाच उभा राहिलो.

"काय झालं? कडू लागलं का पाणी?"

मी चूळ टाकली आणि घरात जाऊन वही काढली. बंदरावर चार-चार तास धुमसत ठेवलेले इंजिन तेच करत होते. जोराने चाललेले, तापलेले इंजिन डिझेल नीट जाळते. नुसते चालू ठेवलेले थंड इंजिन ते अर्धवट जाळते, आणि ती काजळी व न जळलेले डिझेल खाली तेलात उतरते. गाडी एक फूटही पुढे जात नाही. मैलांचा काटा स्थिर. तेल मात्र काळे होत जाते. आणि मी दोन वर्षे लाल शाईत मैल मोजत होतो.

मला हेही आठवले की त्या इंग्रजी पुस्तकात हजार मैलांच्या आकड्याखाली बारीक अक्षरांत दोन-तीन ओळी होत्या. त्यांत असेच काहीतरी होते. इंजिन फार वेळ उभ्या उभ्या चालवल्यास तेल लवकर बदलावे, असे. मी तेव्हा त्या उतरवल्या नाहीत. रकान्यात आकडा बसतो, ओळी बसत नाहीत.

अक्काने भावजींच्या जुन्या वहाणा दिल्या, डब्यात मेथीचे थालीपीठ दिले, आणि मानपाड्याला पोचलो तेव्हा सावळाराम दगड काढायच्या बेतातच होता. गाडी उतारावरून घरंगळत सुरू झाली. मी शेजारी बसलो आणि विचारले, "बॅटरी मेली आहे, हे पेढीवर का नाही सांगितलंस?"

तो पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघत बोलला.

"नाय सांगितलं?"

"नाही."

त्याने एका हाताने चाक धरले आणि दुसऱ्या हाताने तसबिरीच्या मागून कागद काढून माझ्या मांडीवर टाकले. वर माझीच कालची चिठ्ठी होती. तिच्या खाली आणखी तीन. प्रत्येक चिठ्ठीत एकच मागणी, दुसऱ्याकडून लिहून घेतलेली: 'बॅटरी काम करीत नाही, नवीन मिळावी.' खाली सावळारामचा अंगठा नव्हे, सही. वळणदार नसेल, पण सही. आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात, सुबक अक्षरात, शेरा: 'पुढील तिमाहीत विचार व्हावा.' त्याखाली माझी सही.

मी ते शेरे केलेले मला आठवत नव्हते. तसले शेरे मी महिन्यातून वीस तरी करत असेन.

"अक्षर चांगलं हाय तुमचं," सावळाराम म्हणाला. "मना वाचता येतं चांगलं."

शीळफाट्यापर्यंत मी तिन्ही चिठ्ठ्या दोनदा वाचल्या आणि त्याला विचारून वहीत ठेवल्या.  त्या दिवशीचे जेवण, बंदर, मोहने यांबद्दल माझ्या वहीत काही नाही. फक्त शेवटची ओळ आहे: गुरुवार, बावन्न मैल, इंजिन बारा तास. डाग काळा, कडेला पिवळसर वलय.

चौथा दिवस: तेच बंदर

शुक्रवारी भरती दीडच्या सुमारास होती. मी घड्याळ मांडीवर घेऊन बसलो आणि इंजिन उभे किती आणि चालते किती, हे मिनिटामिनिटाने लिहिले. सावळाराम आता माझी फिरकी घेऊ लागला होता. मागच्या गाडीवाल्याला ओरडून सांगे, "आज गप बस! भटजी गारीची पत्रिका मांडतात!"

दुपारी मी त्याला म्हटले, "तुझ्यावर आळ आला तेव्हा तू तोंडावर का नाही सांगितलंस, की मी तीनदा बॅटरी मागितली?"

"सांगून?" त्याने बोंबलाचा तुकडा मोडला. "जावईसाहेब इचारतील, मग इंजिन चालू ठेवत होतास? डिझेल जाळत होतास? एक चोरी सोडून दुसरी. ती तरी मी केली नाय. ही तर मी रोज करतो."

 मी हात पुढे केला आणि म्हणालो, "दे तो तुकडा." त्याने दिला. खारट, चिवट, आणि मला वाटला होता त्याच्या चौथ्या हिश्शानेही वाईट नव्हता. घरी हे सांगितलेले नाही. आता छापून येईल तेव्हा कळेल.

संध्याकाळी ठाण्यात शिरलो. शुक्रवार, अठ्ठेचाळीस मैल, अकरा तास. टीपकागदावर चार डाग ओळीने. शेवटचा काजळाच्या डबीसारखा. दोन्ही सीले जागच्या जागी.

शनिवार: पेढी

जावईसाहेबांनी रिपोर्ट टाइप करूनच ठेवला होता. 'तेलाची अफरातफर.' खाली रकाना: 'जबाबदार इसम.' त्यापुढे सावळारामचे नाव. फक्त माझ्या सहीची जागा रिकामी. मालकही आले होते. थोरले मालक म्हातारे आहेत, बोलतात थोडे.

मी टेबलावर टीपकागद उलगडला. गाडीवरची दोन्ही सीले न तुटलेली आधीच दाखवून झाली होती. मग म्हणालो, "सोमवारी माझ्या हाताने नवं तेल घातलं. एकशे ऐंशी मैलांत ते असं झालं. कोणी विकलं नाही, कोणी बदललं नाही."

"तुम्हीच सील लावलं, तुम्हीच पाहिलं," जावईसाहेब म्हणाले. "चार दिवस एकत्र भाकऱ्या खाल्ल्यात म्हणे. त्याने काय दिलं तुम्हाला?"

"बोंबील," मी म्हणालो. "आता आकडे ऐका. चार दिवसांत इंजिन चव्वेचाळीस तास चाललं. त्यातले रस्त्यावर फक्त बारा. बत्तीस तास गाडी जागेवर उभी होती आणि इंजिन चालू होतं. ते चव्वेचाळीस तास रस्त्यावर गेले असते तर ताशी पंधराने सहाशे साठ मैल झाले असते. वहीत लागले एकशे ऐंशी. याच हिशेबाने तुम्ही ज्या तेलाला तीनशे मैलांचं म्हणालात ते अकराशे मैलांचं होतं. बदलायची वेळ उलटून गेलेलं. ते काळंच असायला हवं होतं. नसतं तर मी चोरी म्हटलं असतं."

"मग एवढा वेळ इंजिन चालू ठेवलं कोणी? तोच ना?"

मी तीन चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या. कोपऱ्यातला शेरा वर येईल अशा.

मालकांनी चष्मा लावून तिन्ही वाचल्या. मग टीपकागद हातात घेतला, शेवटच्या डागावरून अंगठा फिरवला आणि अंगठा धोतराला पुसला. 

"ठीक आहे, चोरी नाही," जावईसाहेब म्हणाले. "पण नवं इंजिन खराब होत होतं, कोणीतरी जबाबदार हवा. निष्काळजीपणा म्हणून ड्रायव्हरला..."

मी रिपोर्ट पुढे ओढला. सावळारामचे नाव खोडले. रकान्यात माझे नाव लिहिले, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. खाली सही केली आणि कागद परत सरकवला.

"हे काय?"

"तुम्ही सही मागितली होती. केली."

"दामले, याचा अर्थ कळतो का? तुमच्या नोकरीच्या कागदाला शेरा लागेल."

"लागू द्या. मैल मोजायचा नियम मी लिहिला. खालच्या ओळी मी गाळल्या. बॅटरी मी नाकारली, तीनदा. त्याने फक्त गाडी चालवली. काढायचं असेल तर मला काढा. त्याला काढणाऱ्या कागदावर माझी सही तुम्हाला मिळणार नाही. आजही नाही, पुढील तिमाहीतही नाही."

मालकांनी जावयाकडे पाहिले आणि विचारले, "बॅटरी किती दिवसांत येते?"

बाहेर आवारात सावळाराम गाडीला टेकून उभा होता. मी त्याला सांगितले, सुटलास. मला वाटले होते तो निदान हसेल.

"सुटलो?" तो म्हणाला. "मी अडकलो कवा होतो? तुमी अडकलेलाव, अण्णा. तुमी सुटलाव." आणि गाडी ढकलायला माणसे गोळा करायला गेला.

बॅटरी आठव्या दिवशी आली. नोंदवहीत मी मैलांच्या शेजारी तासांचा रकाना आखला, आणि पहिल्या पानावरचा लाल नियम खोडून त्याजागी पुस्तकातल्या त्या बारीक ओळी मराठीत उतरवल्या. पान जरा गिचमिड दिसते. पुढच्या महिन्यात एका सुट्टीच्या दिवशी मी उगाच रेतीबंदरावर गेलो. रांगेत आठ गाड्या घरघरत होत्या, आमची तेवढी गप्प. तिच्या जवळ उभे राहिल्यावर पडावाला लागणाऱ्या पाण्याचा थोडासा आवाज ऐकू येत होता. त्या म्हाताऱ्या बाईने मला ओळखले आणि चिखलाकडे बोट दाखवून चप्पल अजून तिथेच असल्याची खूण केली.

माझ्या नोकरीच्या कागदावर 'कर्तव्यात कसूर' असा शेरा लागलेला आहे. काही महिने झाले. जावईसाहेब आता वरमले आहेत. परवा म्हणाले, "एक अर्ज द्या, दामले, तो शेरा काढून टाकतो." काश्मीरला गेलेल्या गृहस्थांनीही हाच सल्ला दिला. आमच्या घरातूनही तोच आग्रह आहे.

मी अर्ज देणार नाही. तो शेरा खरा आहे, आणि खरी नोंद मी खोडत नाही.